पहाटे पाचला ३३ अंश



घरातल्या त्या छोट्या कॉम्प्युटरबद्दल सविस्तर लिहा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. द्राक्षाच्या हंगामात वेळ मिळाला नाही. आता खरड छाटणी उरकली, पाण्याची पाळी चालू आहे, तर बसून लिहितो. थोडं लांबणार आहे. चुकांसकट लिहितोय, कारण शिकलो ते चुकांमधूनच.

सुरुवात फोनपासून. तीन वर्षांपूर्वी ब्लोअरच्या टाकीत वाकून औषध ढवळताना खिशातला फोन सरळ टाकीत पडला. फोनचं दुःख नव्हतं, फोन जुनाच होता. पण दोन हंगामांची फवारणीची नोंद त्यात होती. तारीख, औषध, प्रमाण, पाणी किती, कुठला प्लॉट, सगळं. मी समजत होतो की ॲपमध्ये लिहिलंय म्हणजे ते कुठंतरी वर जमा होत असणार. नव्हतं होत. फोनमध्येच होतं आणि फोनबरोबर गेलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रेसिड्यूच्या सॅम्पलआधी निर्यातदाराचे कृषी पदवीधर आले आणि म्हणाले, "दादा, फवारणीचं रजिस्टर द्या." मग काय, दुकानाची बिलं काढली, मजुरांची हजेरी बघितली, ट्रॅक्टरच्या डिझेलच्या चिठ्ठ्या लावल्या. दोन प्लॉटचं जुळलं. तिसऱ्या प्लॉटात एका बुरशीनाशकाची शेवटची फवारणी कुठल्या तारखेला झाली, ते काही केल्या सिद्ध होईना. मला आठवत होतं, पण आठवण चालत नाही. काढणीपूर्व किती दिवस झाले ते तारखेवरूनच मोजतात. तो प्लॉट लोकल मार्केटला गेला. दरातला फरक तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्री अण्णा काही बोलले नाहीत. कपाटातून त्यांची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. १९८४ पासून त्यांनी पावसाची नोंद ठेवली आहे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचा आणि लिहायचं. वाळवी लागलेली, चहा सांडलेली वही, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. मला काय समजायचं ते समजलं.

तर नोंद घरातच ठेवायची, पण फोनवरून लिहिता आली पाहिजे, हे ठरलं. पुतण्या डिप्लोमाला आहे. तो म्हणाला, "काका, रास्पबेरी पाय घ्या. घरातच सर्व्हर करू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढ्या एका बोर्डावर बसवलेला पूर्ण कॉम्प्युटर. इंग्लंडमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवायला म्हणून २०१२ मध्ये तो निघाला. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, पंखाही नाही. त्यावर लिनक्स चालतं आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत. मी पाय ४ घेतला, २ जीबीचा. नोंदींना तेवढा पुष्कळ होतो. वीज खातो पाच-सहा वॉट. चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला साधारण ४ युनिट. सर्व्हर म्हटलं की लोकांना मोठं कपाट डोळ्यासमोर येतं. आमचा सर्व्हर देवघराच्या वरच्या फळीवर आहे, उदबत्तीच्या पुड्याएवढा.

बसवायचं काम एका दुपारचं आहे. पुतण्याच्या लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर नावाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातून मेमरी कार्डावर सिस्टिम लिहिली. आम्ही 'लाइट' घेतली, म्हणजे चित्रं-खिडक्या नसलेली. लिहिण्याआधीच इमेजर काही गोष्टी विचारतो: यंत्राचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड, घरच्या वायफायचं नाव, टाइमझोन आणि एसएसएच चालू ठेवायचं का. एसएसएच म्हणजे लॅपटॉपवर बसून त्या डबीला हुकूम सोडायची वाट. ते इथंच चालू केलं की स्क्रीन कधी जोडावीच लागत नाही. यंत्राला नाव काय द्यायचं विचारलं तर मी म्हटलं, 'वही'.

कार्ड घातलं, वायर लावली, दोन मिनिटं थांबलो आणि लॅपटॉपवरून 'वही'ला हाक मारली. उत्तर आलं. खरं सांगतो, बोअरला पाणी लागल्यावर जसं वाटतं तसंच वाटलं.

पुढची कामं पटापट सांगतो. आधी 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड', म्हणजे सगळं सॉफ्टवेअर ताजं झालं. राउटरमध्ये जाऊन 'वही'चा आयपी पत्ता कायमचा बांधून दिला, नाहीतर राउटर चालू-बंद झाला की पत्ता बदलू शकतो आणि आपण जुन्याच दारावर टकटक करत बसतो. मग सांबा टाकलं, त्यामुळे घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर 'वही' साध्या फोल्डरसारखी दिसते. फोनमधले फोटो आणि फवारणीची शीट आपोआप यायला सिंकथिंग टाकलं. घरामागच्या प्लॉटात तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर बसवला. त्याच्याबरोबर ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड आणि सोलरवरची बॅटरी. तो दर दहा मिनिटांनी वायफायवरून आकडा पाठवतो. 'वही'वर तो आकडा झेलणारं सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव मॉस्क्विटो. पुतण्या म्हणाला, "काका, यातले डास फवारायचे नाहीत."

बाहेरून, म्हणजे बाजारात बसून घरची नोंद बघायची तर एक अडचण येते. आमचा राउटर सिमकार्डवरचा. बहुतेक सिमच्या नेटवर्कमध्ये आपल्याला स्वतंत्र बाहेरचा पत्ता मिळत नाही, शेकडो गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे असतात. त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग होत नाही. आणि झाला असता तरी मी उघडलं नसतं. जगाला दार उघडं टाकलं की चोवीस तास कुणी ना कुणी कडी हलवून बघत असतं. आम्ही टेलस्केल टाकलं. ते माझा फोन आणि 'वही' यांच्यात खाजगी बोगदा करतं, तिसऱ्याला दिसत नाही.

आता चुका.

पहिली चूक विजेची. सुरुवातीला सगळं मेमरी कार्डावरच चालू होतं आणि चार्जर घरात पडलेला मोबाईलचा. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. चार्जर कमी पडला की तो बंद पडत नाही, अडखळत चालतो, आणि आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. त्यात आमच्याकडची लाईट. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाईल अर्धवट राहते. सहा महिन्यांत कार्ड गेलं. तेव्हा रोजचा बॅकअप नव्हता, अकरा दिवसांची नोंद गेली. मग जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी यूएसबीच्या केसमध्ये घातली आणि सिस्टिम तिच्यावर नेली. चार्जर कंपनीचा घेतला. 'वही' आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यायचे ठरवलं, पण वायरमन येतो येतो म्हणाला आणि ते राहूनच गेलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरी चूक, सिंकथिंगला मी बॅकअप समजलो. फोनमध्ये जागा नाही म्हणून मुलीने अण्णांच्या वहीच्या पानांचे फोटो फोनमधून काढून टाकले. सिंकचं कामच दोन्हीकडं सारखं ठेवणं. इथं पुसलं की तिथंही पुसलं. नशीब मूळ वही कपाटात होती, परत फोटो काढले. सिंकथिंगमध्ये पुसलेल्या फाईलची जुनी प्रत ठेवायची सोय आहे, ती मी चालू केली नव्हती. आता केली. तरीही तो बॅकअप नाही.

तिसरी चूक मोठी. ती सावकाश सांगतो.

परतीच्या पावसाचे दिवस. घरामागच्या प्लॉटची फळछाटणी होऊन अठरा दिवस झालेले. कोवळी फूट, घड दिसायला लागलेले. या अवस्थेत डाऊनीची धास्ती काय असते ते बागायतदाराला सांगायला नको. पानं किती वेळ ओली राहिली यावर सगळं अवलंबून. पान ओलं आहे का ते मोजणारा सेन्सर माझ्याकडं नाही, म्हणून मी आर्द्रतेवरून अंदाज घेतो. 'वही'वर एक साधा अहवाल लावला होता: रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर किती तास होती. रोज सकाळी आठला अहवाल तयार व्हायचा.

रविवारी रात्री दहाला वादळ झालं आणि लाईट गेली ती सोमवारी सकाळी सव्वासहाला आली. 'वही' आपोआप चालू झाली. सेन्सरचे आकडे येऊ लागले. नेट मात्र त्या वादळात गेलं ते दोन दिवस आलंच नाही. मी निर्धास्त, कारण घरातलं काम घरातल्या वायफायवर चालतं, त्याला बाहेरचं नेट लागत नाही. मी तर दोघा-तिघांना फुशारकीनं सांगितलंही.

मंगळवारी सकाळी आठला अहवाल आला नाही. संध्याकाळी पाचला आला. मी म्हटलं, नेट नाही म्हणून उशीर झाला असेल. अहवालात लिहिलं होतं: दमट तास ४. चारच तास! मी ब्लोअरची तयारी थांबवली. म्हटलं, आज फवारणी नको, औषध वाचलं, उद्या बघू.

अण्णा शेजारी चहा पीत होते. त्यांना आलेख बघायला आवडतो, आकड्यापेक्षा रेघ कळते म्हणतात. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "आरं, ह्यात पहाटं पाचला तेहतीस अंश दावतंय. कुठल्या गावचं हवामान हाय हे?"

मी परत बघितलं. पहाटे पाचला ३३ अंश. आणि सगळ्यात गार वेळ कुठली? रात्री नऊ.

अण्णा म्हणाले, "सकाळी मी बागेत गेलो तवा धोतर गुडघ्यापतोर भिजलं. आन् तुझी वही म्हणती चार तास."

'वही'चं घड्याळ बघितलं आणि मनगटावरचं बघितलं. बरोबर नऊ तास मागं.

झालं होतं असं. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. साध्या भिंतीवरच्या घड्याळात असतो तसा सेलही नाही. चालू झाला की तो नेटवरून वेळ विचारून घेतो. नेट नसेल तर बंद पडायच्या आधी शेवटची जी वेळ त्यानं लिहून ठेवली असेल, तिथून पुढं मोजायला लागतो. ती वेळ तो मधूनमधून लिहितो, दर सेकंदाला नाही. रात्री सव्वानऊची लिहिलेली वेळ धरून तो सकाळी सव्वासहाला उठला आणि त्याला वाटलं अजून रात्रीचे सव्वानऊच वाजलेत. सेन्सरचा आकडा खरा, त्याच्यापुढं मांडलेली वेळ खोटी.

त्यामुळे अहवालानं ज्याला 'रात्री आठ ते सकाळी आठ' म्हटलं, ते खरं पहाटे पाच ते संध्याकाळी पाच होतं. सगळी रात्र मोजणीच्या बाहेर राहिली, आणि दिवसभराचं ऊन रात्र म्हणून मोजलं गेलं. नऊ तास जुळवून परत मोजलं तर सोमवारच्या रात्री दमट तास निघाले ११.

अंधार पडता पडता ब्लोअर बाहेर काढला. खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचतं, तिथल्या काही वेलींवर तेलकट डाग आलेच. बाकी बाग राहिली. त्या एका संध्याकाळीमुळेच राहिली असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडं नाही. पण मी अहवालावर विसंबून झोपायला निघालो होतो, एवढं खरं.

त्यावर मी बराच विचार केला. फोन टाकीत पडला तेव्हा नोंद गेली, आणि गेली हे कळलं तरी. इथं नोंद जागेवर होती, नीटनेटकी होती, आलेखही सुंदर होता, आणि चुकीची होती. नसलेल्या नोंदीपेक्षा ही जास्त घातक. नसलेली नोंद माणसाला बागेत जायला लावते. चुकीची नोंद घरात बसवते.

मग काय काय केलं ते क्रमानं लिहितो. कुणी बसवणार असेल तर आधीच करा.

१. घड्याळ बसवलं. डीएस३२३१ नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं, बटण सेलवर चालतं. पायच्या पिनांवर बसवायचं, आयटूसी चालू करायचं, कॉन्फिगच्या फाईलमध्ये एक ओळ घालायची. आता नेट असो-नसो, वेळ बरोबर. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, पण त्याचा सेल वेगळा घेऊन लावावा लागतो. तो न लावता निर्धास्त राहू नका.

२. 'टाइमडेटसीटीएल' हा हुकूम दिला की घड्याळ नेटशी जुळलंय का ते कळतं. नेट नसताना नव्या मॉड्यूलची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी एकदा ताडून बघतो.

३. अहवालात अण्णांची अट घातली. दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान दुपारी बारा ते पाचच्या बाहेर दिसलं तर अहवाल आकडा देत नाही, 'घड्याळ बघा' असं लाल अक्षरात लिहितो. कधी ढगाळ दिवशी उगाच ओरडतो. ओरडू दे.

४. चुकलेल्या दोन दिवसांचे मूळ आकडे पुसले नाहीत. शेजारी 'दुरुस्त वेळ' असा नवा रकाना केला आणि कारण लिहिलं. लाईट नव्हती त्या रात्रीच्या ओळी रिकाम्या ठेवल्या. अंदाजानं भरल्या नाहीत. नोंदीत मागाहून गुपचूप खाडाखोड केली की मग ती नोंद राहत नाही.

५. वायरमनला स्वतः जाऊन घेऊन आलो. 'वही' आणि राउटर इन्व्हर्टरवर. बंद करायची असेल तर आधी हुकूम देऊन बंद करायची, वायर ओढायची नाही.

६. रोज रात्री दोनला 'आरसिंक' सगळी नोंद दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, ती बहिणीच्या घरी असते. दर अमावस्येला आणायची, भरायची, परत द्यायची. तारीख विसरते, अमावस्या विसरत नाही. आणि त्याच दिवशी त्या डिस्कवरची कुठलीही एक जुनी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. उघडली तर बॅकअप, नाहीतर नुसती डिस्क.

शेवटचं काम मला सुचलं नाही, बायकोला सुचलं. ती म्हणाली, "तुम्ही चार दिवस दवाखान्यात पडलात आणि कुणी फवारणीची तारीख विचारली, तर मी काय सांगू? सगळं तुमच्या नि पोराच्या डोक्यात."

बरोबर होतं तिचं. फोनमधली नोंद फोनबरोबर गेली होती, आता ती माझ्या डोक्यात अडकली होती. मग एका पानावर मराठीत लिहिलं: चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, फवारणीची शीट कुठं आहे, बॅकअपची डिस्क कुणाकडं आहे, पुतण्याचा फोन नंबर. पासवर्ड बंद पाकिटात तिच्या कपाटात. एका रविवारी मी मुद्दाम मळ्यात जाऊन बसलो आणि तिला म्हटलं, मधल्या प्लॉटची शेवटची फवारणी शोधून सांग. पहिल्या वेळी तिला वीस मिनिटं लागली, कारण माझ्या पानात एक पायरी लिहायची राहिली होती. पान दुरुस्त केलं. दुसऱ्या वेळी चार मिनिटं.

यंदा सॅम्पलआधी तेच कृषी पदवीधर आले तेव्हा मी खरंच घरी नव्हतो, खताच्या गाडीबरोबर गेलो होतो. तिनंच रजिस्टर काढून दिलं, तिन्ही प्लॉटचं, तारखांसकट. आल्यावर मला कळलं.

अण्णांची कागदाची वही चालूच आहे. मी रोज सकाळी त्यांचा पावसाचा आकडा 'वही'त भरतो आणि ते रोज संध्याकाळी 'वही'चा आलेख बघतात. आठवड्यातून एकदा दोघांचं जुळतंय का बघतो. न जुळलं तर आधी बागेत जातो, मग कॉम्प्युटरकडं.

तुमच्यापैकी कुणी असं काही घरी बसवलं असेल तर तुमचं कुठं अडलं ते सांगा. विशेषतः पान ओलं आहे का ते मोजणारा सेन्सर कुणी वापरत असेल तर त्याचा अनुभव लिहा, मला या छाटणीला तो लावायचा आहे. आणि ज्यांच्याकडं आधीच पाय चालू आहे त्यांनी आज एवढंच करा: राउटरमधून नेट काढा, पाय हुकूम देऊन बंद करा, तासाभरानं चालू करा आणि त्याला वेळ विचारा.